भाजून ठेवलेला सोडा

झरीच्या विहिरींचं पाणी जड आहे. तुरीची डाळ त्यात दोन-दोन तास उकळली तरी डाळ डाळ राहते आणि पाणी पाणी. दुसऱ्या गावाहून नांदायला आलेल्या सुना पहिलं वर्षभर सासूची बोलणी या डाळीपायीच खातात. अशा गावात खाण्याचा सोडा विकणाऱ्या माणसाला मान मिळाला, तर त्यात नवल नाही. चन्नप्पाला तो वीस वर्षं मिळाला. पुढची तीन वर्षं त्याला तो सोसावा लागला.

दुकान चावडीच्या उताराला होतं. गूळ, मीठ, तंबाखू, हळकुंडं, सुतळी असा माल. यातलं सगळं दुसरीकडेही मिळे, पण सोडा घ्यायचा तो चन्नप्पाकडेच, कारण तो सोड्याबरोबर सल्ला द्यायचा. डाळीला चिमूट, भज्याच्या पिठाला दोन चिमटी, चैत्रात दूध नासायला लागलं की तांब्याला नखभर. मधमाशी चावली की ओला करून लावा. कंदिलाची काच काजळली की कोरड्या फडक्यावर घेऊन घासा. लोणच्याच्या बरणीचा वास जात नसेल तर रात्रभर आत ठेवा. लिंगायताच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काळी पडली की सोड्यानं उजळते, हे त्यानं स्वतःच्या डबीवर करून दाखवलं होतं. आणि पोटात जळजळ, करपट ढेकर, जेवणानंतरची धाप, या सगळ्यांसाठी अर्धा चमचा कोमट पाण्यात. ढेकर आली की रोगी बरा झाला असं तो समजे, आणि रोगीही तसंच समजे, त्यामुळे वाद कधी झाला नाही. जगात आंबट फार वाढलंय, असं त्याचं एकूण मत होतं. स्वतः त्यानं सोडा कधी घेतला नाही. त्याचं पोट उत्तम होतं.

धुण्याचा सोडाही तो विकायचा, पण जरा तुच्छतेनं. त्याचं पोतं दाराजवळ, खाण्याच्या सोड्याचा डबा गादीपाशी; मधे तीन हात अंतर. एकाचा कण दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मापंसुद्धा वेगळी होती.

खाण्याच्या सोड्याच्या दोन खुणा त्याला ठाऊक होत्या. पाण्यात विरला की पाणी जरासं गार लागतं, ही एक. चिंचेच्या कोळात टाकला की फसफसून फेस येतो, ही दुसरी. गारवा गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही, फेस दाखवता येतो. म्हणून फेसाची खूण तेवढी वापरात राहिली. गादीपाशी चिंचेच्या कोळाची वाटी कायम असे. कुणी शंका काढली की चन्नप्पा चिमूट टाकायचा, फेस वाटीच्या काठाला यायचा, आणि तो म्हणायचा, "जित्ता हाय."

त्याची बायको शांतम्मा. मूलबाळ नाही. जे लक्ष मुलांकडे गेलं असतं ते सगळं तिनं डब्यांना दिलं. मिरगाच्या आधी आठ दिवस तिच्या घरातून भाजल्याचा वास निघायचा. रवा भाजून ठेवायचा, बेसन भाजून ठेवायचं, धणे, तीळ, पोहे, सगळं आधी कढईत आणि मग डब्यात. ओल निघून गेली की किडा धरत नाही. शेजारणींच्या रव्यात आखाडात जाळ्या धरत, शांतम्माचा रवा दिवाळीला मोकळा पडे. किड्यांबद्दल तिला राग नव्हता. निवडताना ते मरतात, ते तिला नको होतं. एकदा दुधाचं झाकण सरकलं आणि पाल पडून मेली, तेव्हा तिनं तीन दिवस अन्न घेतलं नाही. सकाळ-संध्याकाळ लिंग तळहातावर घेऊन बसायची आणि पूजा अर्ध्यावर सोडून उठायची. पाल आपल्या हातून मेली, एवढंच तिचं म्हणणं होतं. चौथ्या दिवशी चन्नप्पानं परभणीहून लिंगायतांच्या गुरूंना, जंगमस्वामींना, आणलं, त्यांनी समजूत घातली, तेव्हा तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

जर्मनीच्या लढाईच्या आधी सोडा मुंबईहून घट्ट झाकणाच्या डब्यांतून यायचा. लढाईत डबे बंद झाले. निजामाच्या फसली सनाच्या तेराशे त्रेपन्नच्या पावसाळ्यात, म्हणजे लढाई संपायला अजून वर्ष होतं तेव्हा, चन्नप्पाला मोठ्या खटपटीनं एक गोणी मिळाली. ती वाटेत भिजलेली होती. आत सोड्याचे लाडू झाले होते. शांतम्मानं ते पाहिलं आणि जे तिनं पंचवीस वर्षं प्रत्येक वस्तूचं केलं तेच केलं. खडे फोडून सगळा सोडा थोडाथोडा कढईत भाजला.

भाजताना ती नवलानं पाहत होती, असं तिनं नंतर चन्नप्पाला सांगितलं. कोरडी पूड, पण कढईत पाण्यासारखी उकळायला लागली. जागोजागी बुडबुडे फुटून खळगे पडत होते. केवढी ओल आत दडली होती म्हणायची. भाजून झाल्यावर पूड हलकी झाली, मोकळी झाली, डबा उचलताना हाताला फरक कळला. चन्नप्पानं कोळात चिमूट टाकली. फेस आला, नेहमीपेक्षा जरा जास्तच. त्यानं बायकोचं कौतुक केलं, जे तो सहसा करत नसे.

पहिली तक्रार पार्वतीबाईची आली. ती आठवडी बाजारात भजी तळायची. अप्पा, भजे लाल निघायलेत, म्हणाली, आणि कडू लागायलेत, लोकं अर्धं खाऊन कुत्र्याला टाकायलेत. चन्नप्पानं तिला तेल बदलायला सांगितलं. तिनं तेल बदललं. पुढच्या बाजारी ती पुन्हा आली, तेव्हा त्यानं तिला हात आवरून सोडा घालायला सांगितलं, आणि तिच्यापुढं वाटीत फेस काढून दाखवला. फेसापुढं पार्वतीबाई काय बोलणार? शिवाय घरात शांतम्माच्या डाळीत तोच सोडा पडत होता आणि डाळ लोण्यासारखी शिजत होती.

त्याच श्रावणात उमाजीच्या मेंढरांचं झालं.

उमाजी धनगर गावाच्या माथ्यावर राहायचा. एकतीस मेंढरं, बायको कासाबाई, एक कुत्रं. सरकारनं त्या साली लेव्हीची, म्हणजे शेतकऱ्यांकडून सक्तीनं घ्यायची, ज्वारी गोळा केली होती आणि चावडीच्या खोलीत कोंबली होती. खोली गळली. ज्वारी भिजली, तिला वास सुटला, आणि ती उघडीप पाहून पटांगणात वाळत घालायचा हुकूम झाला. हुकूम अंमलात आणायला माणसं वेठीला धरली, त्यात उमाजी होता. मेंढरं कासाबाईच्या हवाली करून तो आला आणि दिवसभर फावड्यानं सरकारी ज्वारी उलथीपालथी करत राहिला. उन्हं कलताना त्यानं शीण घालवायला मोठ्यानं गाणं धरलं, मेंढरांमागं म्हणायचं तेच काहीतरी. मेंढरं टेकाडाच्या पलीकडं होती. त्यांना तो आवाज ओळखीचा. ती उधळली ती थेट पटांगणात, आणि कासाबाई धापा टाकत येईतो त्यांनी पोटं भरून घेतली होती. उमाजीला पहिल्यांदा हसू आलं होतं, असं तो पुढं सांगायचा. सरकारची ज्वारी आपल्या मेंढरांनी खाल्ली, याचं.

दिवेलागणीला पोटं फुगली. मेंढरं दात खात उभी राहिली, मग बसली, मग आडवी व्हायला लागली. उमाजी दुकानाच्या फळ्या लावायच्या वेळेला पळत आला. चन्नप्पानं कसलीही घासाघीस न करता डबा खाली घेतला. पोट आंबलंय, सोडाच पाहिजे, म्हणाला. उमाजीच्या डोळ्यांदेखत कोळात चिमूट टाकली, फेस दाखवला, आणि पायली भरून पूड त्याच्या धोतराच्या सोग्यात ओतली. दर मेंढराला मूठभर, तांब्याभर पाण्यात. हात राखू नको.

उमाजीनं हात राखला नाही. वेळूच्या नळकांड्यानं एकेकाच्या घशात उतरवलं. सकाळी बावीस मेलेली होती. नऊ उभी होती. ती पूड संपेपर्यंत राहिलेली, म्हणजे ज्यांना औषध पुरलंच नाही अशी. पण हा हिशेब त्या दिवशी कुणी मांडला नाही.

चन्नप्पा माथ्यावर गेला. मेंढरांच्या जिभा पांढऱ्या पडल्या होत्या, ओठांची सालं निघाली होती. उमाजी हात पुढं करून बसला होता. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलली होती.

"पानी आपसूक कोमट व्हायलं व्हतं, अप्पा," तो म्हणाला. "मला वाटलं, दवाचीच ताकद हाय."

चन्नप्पा तिथूनच माघारी वळला. तो घरी आला आणि त्यानं एका वाटीत पाणी घेऊन चमचाभर सोडा टाकला, बोट घातलं. पाणी कोमट झालं. वीस वर्षांत ते दरवेळी गार झालं होतं.

तिसऱ्या दिवशी परभणीहून सलोतरी आला, गुरांचा सरकारी डॉक्टर, बन्सीधर नावाचा. तो मेंढरांसाठी आला नव्हता. सरकारी ज्वारी किती खाल्ली गेली याची चौकशी होती. पंचनामा करून तो तंबाखूला दुकानात टेकला, तेव्हा चन्नप्पानं शांतम्मा नदीवर गेल्याची खात्री करून घेतली आणि डबा पुढं ठेवला. बन्सीधरनं पूड बोटावर घेतली, चोळली, पाण्यात टाकली. मग विचारलं, "कढई में भूने क्या इसकू?"

चन्नप्पानं मान हलवली.

"तो ये खाने का नहीं रहा, शेठ. धोबी का हो गया."

मग त्यानं शांतपणे समजावलं. विस्तवावर या सोड्यातली हवा निघून जाते, पाणी निघून जातं, आणि मागं राहतो तो धुण्याचा सोडा. दाराजवळच्या पोत्यात आहे तोच, किंबहुना त्याहून कडक. फेस? फेस दोघांनाही येतो. चन्नप्पानं विचारलं, सोडा चांगला असता तर मेंढरं जगली असती का. ज्वारी फार खाल्ली होती, बन्सीधर म्हणाला, निम्मी तशीही गेली असती. कुठली निम्मी, हे त्याला सांगता आलं नाही. तंबाखू बांधून घेऊन तो गेला. उमाजीला सरकारी धान्याच्या नुकसानीबद्दल आणखी आठ दिवस वेठ लागली.

आता चन्नप्पापुढं सरळ काम होतं. माथ्यावर जायचं आणि उमाजीला सांगायचं. दोनदा तो अर्ध्या चढावरून परत आला. झरीत सकाळी माथ्यावर बोललेलं दुपारी विहिरीवर पोचतं, आणि विहिरीवर शांतम्मा असते. एका पालीला तिनं तीन दिवस दिले होते. बावीस मेंढरांना ती किती देईल, याचा त्याला अंदाज करता येत होता. म्हणून त्यानं ठरवलं की आज नको. हा आज तीन वर्षं चालला.

त्यात उमाजी आभार मानायला आला. दिवाळीनंतर, खांद्यावर नवी घोंगडी घेऊन. दुसऱ्या कुणी दार बी उघडलं नसतं, तुमी पायली भरून ओतली, असं म्हणाला. कासाबाईनं सूत कातलं होतं. ही त्या मेल्याल्या मेंढरांच्याच अंगावरची लोकर हाय, आखाडात कातरल्याली, असंही म्हणाला, आणि आपल्या हातानं गादीवर अंथरून, तिच्यावर चन्नप्पाला बसवून, लांबून पाहिलं. घोंगडी उत्तम होती. चन्नप्पा तिच्यावर तीन वर्षं बसला. उठून दुसरं काही अंथरलं असतं तर शांतम्मानं कारण विचारलं असतं.

दुसऱ्या सालीही सोडा गोणीतूनच आला. चन्नप्पानं बायकोला सहज सांगावं तसं सांगितलं की सोडा भाजत जाऊ नको, जोर जातो. तिनं उठून चिंचेच्या कोळाची वाटी आणली, भाजलेल्या पुडीची चिमूट टाकली, फेस काठावर येईतो थांबली, आणि वाटी त्याच्यापुढं धरली.

"मेलाय का ह्यो?"

न्हाई, असं त्याला म्हणावं लागलं. ही परीक्षा त्याचीच होती.

मग त्यानं मार्ग काढला. शांतम्मा सोडा भाजायची, डब्यात भरायची, आणि चन्नप्पा तो डबा गुपचूप आश्रुबा परटाला द्यायचा. आश्रुबानं कारण विचारलं नाही. त्या तीन वर्षांत झरीतली धोतरं पंचक्रोशीत सगळ्यांत पांढरी होती, आणि आश्रुबाला मानवत-जिंतूरपर्यंत नाव मिळालं. भाजलेल्या सोड्याचं तेवढं एक चीज झालं. गिऱ्हाइकांना चन्नप्पा सांगायचा, सोडा येत नाही, लढाई आहे. लढाई संपली तरी तेच सांगायचा. व्यंकटरावानं वेशीपाशी नवं दुकान टाकून मुंबईचे डबे आणले, तेव्हा लोक तिकडं वळले. जळजळीला काय घ्यावं म्हणून अजूनही कुणी चन्नप्पाला विचारी. तो ताक घ्या म्हणायचा. ताक आंबट असतं, हे त्याचंच जुनं मत लोक त्याला आठवण करून देत.

फसली तेराशे छप्पन्नच्या श्रावणात, भर दुपारी, उमाजी पुन्हा दुकानात आला. उरलेली नऊ मेंढरंही तोवर राहिली नव्हती. तो आता दुसऱ्यांच्या शेळ्या राखायचा. कासाबाईच्या पोटात सकाळपासून आग पडली होती, ती वाकडी होऊन पडली होती. वेशीपर्यंत जायला नको म्हणून तो इथंच आला. आणि इथंच यायचं त्याच्या मनात असणार. चिमूटभर सोडा द्या, म्हणाला.

येत नाही, असं चन्नप्पा म्हणाला. पण आश्रुबा दुपारनंतर न्यायला यायचा म्हणून डबा फळीवर समोरच काढून ठेवलेला होता, झाकण उघडं. उमाजीनं डब्याकडं पाहिलं. मग चन्नप्पाकडं.

त्या क्षणी दुसरं खोटं सुचलं असतं तर चन्नप्पानं ते सांगितलं असतं, असं मला वाटतं. सुचलं नाही. शिवाय तीन वर्षं तो दररोज हेच वाक्य मनात जुळवत होता, ते तयार होतं.

"उमाजी, ह्यो सोडा भाजलेला हाय. भाजला की त्याचा धुण्याचा सोडा व्हतो. तुझी मेंढरं ज्वारीनं न्हाई, ह्यानं मेली. माझ्या हातानं दिलेल्यानं. तिला ह्यो देऊ नको."

  उमाजीला वाईट वाटलं.

"न्हाई द्यायचा तर नगा देऊ, अप्पा," तो म्हणाला. "मेल्याल्या मेंढरांना कशाला मधी आणायलाय?"

चन्नप्पानं वाटी घेतली, पाणी ओतलं, पूड टाकली, बोट घालून बघ म्हणाला, कोमट लागतंय का बघ. उमाजीनं बोट घातलं नाही. त्याचं लक्ष चन्नप्पाच्या बुडाखाली होतं.

"माझ्या घोंगडीवर बसून मला न्हाई म्हणायलाय," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरला. खाली उतरल्यावर मागं न बघता तो थुंकला तो रस्त्यावर, दुकानाकडं नव्हे. एवढं त्यानं सांभाळलं.

व्यंकटरावाकडचा सोडा घेऊन कासाबाई दुसऱ्या दिवशी उठून बसली. कदाचित न घेताही उठली असती. चन्नप्पानं भरला डबा समोर ठेवून चिमूटभर नाकारला, हे उमाजीनं गावाला सांगितलं. गावाला ते लगेच पटलं, कारण दुकानदाराबद्दल असलं काही ऐकायची गावाची तयारी नेहमीच असते. मेंढरांचं मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. ते त्याला सांगण्यासारखं वाटलंच नाही.

पण ते ऐकणारं एक माणूस होतंच. उमाजी गेल्यावर चन्नप्पा वाटीतलं पाणी ओतून टाकायला मागं वळला, तर मधल्या दारात शांतम्मा उभी होती, हातात भाजायला काढलेल्या शेंगदाण्यांचं सूप. किती वेळ उभी होती हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. ती दुकानात येऊन वाटीजवळ बसली. तिनं बोट घातलं. ते तसंच पाण्यात ठेवून तिनं एकच विचारलं.

"किती व्हती?"

"बावीस."

ती उठली आणि सूप घेऊन आत गेली. चन्नप्पा चूल पेटल्याचा आवाज ऐकायला थांबला. चूल पेटली, वेळेवर भाकरी झाली, तिनं त्याला वाढलं. ती स्वतः जेवली का, ते त्यानं विचारलं नाही. चौथ्या दिवशी जंगमस्वामींना आणावं का, असं त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, कशाला. पूजेला ती पूर्वीसारखीच बसायची, लिंग तळहातावर घ्यायची, आणि पूजा पूर्ण करून उठायची. तेच त्याला बघवत नव्हतं.

कढई मात्र तिनं भाजणीसाठी परत चुलीवर चढवली नाही. ते शेंगदाणे कच्चेच राहिले आणि खवट झाले. पुढच्या मिरगाच्या आधी शेजारणींच्या घरातून भाजल्याचा वास आला, तिच्या घरातून आला नाही. आखाडात रव्यात जाळ्या धरल्या, बेसनात अळ्या झाल्या. शांतम्मा दुपारी उंबऱ्यात बसून एकेक किडा बोटानं उचलून अंगणात सोडायची. बरेचसे उचलतानाच मरायचे. सोड्याच्या डब्यात ओल शिरली आणि आतला सोडा एकसंध दगड झाला. डाळीपुरता तुकडा काढायचा तर चन्नप्पाला लोखंडी मापानं ठोकावं लागायचं. तो ठोकायला लागला की ती हात थांबवायची, पण वर बघायची नाही. ठोकणं संपलं की पुन्हा निवडायला लागायची.